प्रार्थना आणि मनःशांती

प्रार्थनेने मन शांत होते, असे आपण सहज म्हणून जातो. पण भक्ताच्या मनातला देव कसा आहे, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत केनेथ पार्गामेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळातील ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. त्यांत बहुतेक ख्रिस्ती होते. ‘देवाने आपल्याला टाकले काय?’ अशा शंकांनी जे पोळत होते, त्यांच्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. ही शंका नास्तिकाची नव्हे. देव मानणाऱ्यालाच ती छळते. म्हणून आम्हांला वाटते, रुग्णाच्या उशाशी बसलेल्या धर्मगुरूने ‘प्रार्थना वाढवा’ म्हणण्याआधी त्याची देवाविषयीची तक्रार ऐकून घ्यावी. बायबलातील ईयोबानेही आपली तक्रार देवापुढेच मांडली होती.