आधी धंदा, मग भाषण

प्लॅस्टिकच्या 70 किलो रिकाम्या बाटल्या आणि शाळेतल्या शिक्षकांकडून उसने घेतलेले 8,000 शिलिंग. युगांडातल्या अँड्र्यू मुपुया या 16 वर्षांच्या पोराचं 2008 सालचं भांडवल एवढंच. बाटल्यांचे 28,000 शिलिंग आले, उसनवारी धरून 36,000. म्हणजे जेमतेम 14 डॉलर. आईवडिलांच्या नोकऱ्या गेलेल्या, घरून शाळेची फी निघत होती तीच पुष्कळ. त्या सुमारास सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणायची भाषा सुरू केली होती. मुपुयाने कंपालातल्या दुकानदारांना गाठून विचारलं, कागदी पिशव्या दिल्या तर घ्याल का? मग पिशवी कशी करतात ते इंटरनेटवर पाहून शिकला आणि कामाला लागला.

चार वर्षांनी, 2012 मध्ये, त्याला जोहान्सबर्गमध्ये ‘अंझिशा प्राइझ’चं पहिलं बक्षीस मिळालं, 30,000 डॉलरचं. तोवर त्याच्या ‘येली’ या कंपनीत 16 जण कामाला होते आणि आठवड्याला 20,000 पर्यंत पिशव्या निघत होत्या. सगळ्या हाताने. कागद मापाने कापायचा, घडी घालायची, कडेला डिंक लावून दाबायचं, तळ दुमडून पुन्हा चिकटवायचं, की पुढचा कागद. पिशव्या करणारं यंत्र घ्यायचं त्याच्या मनात होतं, पण ते परवडत नव्हतं. गिऱ्हाईक मात्र बांधलेलं होतं: उपाहारगृहं, किरकोळ दुकानं, पीठ विकणारे. आणि ज्या बंदीच्या भरवशावर हे सुरू झालं, तिची अंमलबजावणी युगांडात कधी धड झालीच नाही. स्वस्त प्लॅस्टिक बाजारात राहिलं आणि त्याच्याशी झुंजतच कागद विकावा लागला. महाराष्ट्रातल्या 2018 च्या प्लॅस्टिकबंदीनंतर आपल्याकडे भाजीवाल्याच्या हातगाडीवर काय दिसतं, ते वाचकांना सांगायला नको.

मुपुयाला बक्षीस देणारी संस्था समजून घेण्यासारखी आहे. फ्रेड स्वानिकर आणि ख्रिस ब्रॅडफर्ड यांनी जोहान्सबर्गजवळ हनीड्यू इथे ‘आफ्रिकन लीडरशिप अकॅडमी’ काढली. 2008 साली तिचे वर्ग सुरू झाले. खंडभरातली हुशार मुलं निवडून आणायची, दोन वर्षं शिकवायची आणि पुढे आफ्रिकेच्याच कामी लावायची, असा बेत. घरच्या घरी पवनचक्की उभारून गाजलेला मलावीचा विल्यम कामक्वाम्बा इथलाच विद्यार्थी. या अकॅडमीने ‘मास्टरकार्ड फाउंडेशन’च्या पैशावर अंझिशा सुरू केलं. वयाची अट 15 ते 22.

पण वयापेक्षा महत्त्वाची अट दुसरी आहे. नुसती कल्पना घेऊन येणाऱ्याला इथे दार बंद. धंदा आधीच सुरू असला पाहिजे, आफ्रिकेत असला पाहिजे, आणि तो अर्जदाराने स्वतः उभा केलेला असला पाहिजे. त्या वर्षांत अंतिम फेरीतल्या मुलांना अकॅडमीत बोलावून काही दिवस प्रशिक्षण देत. हिशेब कसा ठेवायचा, गुंतवणूकदारासमोर काय बोलायचं, हे शिकवून मग परीक्षकांसमोर उभं करत. जिंको वा हरो, तिथवर पोहोचलेला प्रत्येक जण ‘फेलो’ होई आणि संस्थेचा आधार त्याला पुढेही मिळे.

माझ्या मते या स्पर्धेचं सगळं शहाणपण त्या एका अटीत आहे. जगभरच्या पिच-स्पर्धांमध्ये, म्हणजे परीक्षकांपुढे धंद्याची कल्पना मांडायच्या स्पर्धांमध्ये, साधारणपणे दहा मिनिटांत जो बाजी मारतो तो जिंकतो. इंग्रजी सफाईदार, पडद्यावर आलेख वर चढलेले, बाजारपेठ कोट्यवधींची. एकही वस्तू न विकता पाच बक्षिसं मिळवता येतात, आणि तसे वीर सगळीकडे आहेत. पिशव्या चिकटवणाऱ्या मुलाकडे दाखवायला आलेख नसला, तरी पुढच्या आठवड्याची ऑर्डर असते.

2013 ची विजेती बेस्ट आयोरवर्थ हीसुद्धा युगांडाचीच. फीपायी तिची स्वतःची शाळा सुटली होती. नोकरी लागल्यावर पगारातून वाचवलेल्या पैशांतून तिने ‘जिपोमो’ नावाची छोटी कर्जसंस्था काढली. कर्ज मिळायचं आयांना, धंद्यासाठी. बदल्यात अट एकच: मुलीला शाळेतून काढायचं नाही. आपल्याकडच्या बचत गटांत वावरलेल्या बाईला ही योजना समजावून सांगावी लागणार नाही. पण कर्ज आणि मुलीची शाळा एकाच दोरीत बांधायचं एका विशीतल्या मुलीला सुचलं, आणि परीक्षकांनी ते ओळखलं, याचं मला अप्रूप वाटतं.

पुढची नावं भराभर सांगतो. 2014 मध्ये आयव्हरी कोस्टचा नोएल एनगेसां, शेतातल्या कचऱ्यापासून खत आणि गॅस करणारा. 2015 मध्ये नायजेरियाचा ख्रिस क्वेकोवे, नोकरी शोधणाऱ्या तरुणांना कौशल्यं शिकवून कंपन्यांशी जोडून देणारा. 2016 मध्ये सेनेगलची याय सुआदू फाल, जुन्या टायरांचा पुनर्वापर करणारी. यातलं काहीच चकचकीत नाही.

आता उलट बाजूचं एक उदाहरण. 2013 मध्येच अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या ‘ग्लोबल सोशल व्हेंचर कॉम्पिटिशन’मध्ये 25,000 डॉलरचं पहिलं बक्षीस आफ्रिकी चमूने प्रथमच नेलं. बुर्किना फासोचा मोक्तार देंबेले आणि बुरुंडीचा जेरार नियोंदिको, दोघंही वागादुगूच्या ‘टू-आय-ई’ या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी. त्यांची कल्पना डासांना दूर ठेवणाऱ्या साबणाची, शिया लोणी आणि स्थानिक सुगंधी वनस्पतींपासून केलेल्या. जगातले मलेरियाचे सुमारे 95 टक्के रुग्ण आफ्रिकेत. साबण तर प्रत्येक घरात असतोच. ऐकणाऱ्याला चटकन पटावं असंच सगळं.

पण साबण धुतला जातो. अंगावर रात्रभर टिकेल असं काहीतरी हवं होतं, आणि प्रयोगशाळेत ते साधायला वर्षं गेली. शेवटी नियोंदिकोने फ्रांक लांजवँ या साथीदाराबरोबर ‘माया’ नावाचं मलम बाजारात आणलं. त्यामागचा विचार साधा होता: तिथल्या आया मुलांना रोज मलम चोळतातच, तेव्हा नवी सवय लावण्यापेक्षा आहे त्या सवयीत औषध घातलेलं बरं. व्यासपीठावर जिंकला तो साबण, घराघरांत जायला निघालं ते मलम. बर्कलीच्या परीक्षकांना मी दोष देणार नाही. त्यांनी माणसं बरोबर हेरली, वस्तू नाही. पण कल्पनेला बक्षीस द्यायचं तर पुढची पाच-सात वर्षं कोण सांभाळणार, हे तेव्हाच ठरायला हवं.

अंझिशालाही मर्यादा आहेत. हजारोंमधून मूठभर निवडायचे, म्हणजे बाकीच्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. कर, परवाना, वीज आणि बँकेचं कर्ज या गोष्टी कुठल्याही बक्षिसाने सुटत नाहीत. शिवाय पैसा देणारं फाउंडेशन खंडाबाहेरचं, तेव्हा धोरणाचं सुकाणूही काही अंशी तिथेच राहणार.

आपल्या कॉलेजांतही हल्ली वार्षिक महोत्सवात पिच-स्पर्धा ठेवायची पद्धत पडली आहे. आयोजकांना एवढंच सांगणं आहे की अर्जात सादरीकरणाच्या आधी गेल्या तीन महिन्यांच्या विक्रीची वही मागा. अर्ज कमी येतील, तर येऊ द्या.