‘देवाची इच्छा असेल तसं’ म्हटल्यावर पुढे काय करायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून दिलाय. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘काय म्हणतात ते’ काढलेत, बाकी जवळजवळ तसंच आहे.

आजचा भाग एका वाक्याबद्दल आहे. ख्रिस्ती घरात वाढलेल्या प्रत्येकाने ते ऐकलेलं असतं: देवाची इच्छा असेल तसं होईल. बारावीनंतर काय? देवाची इच्छा. पुण्यात राहणार की गावी परत जाणार? प्रभू मार्ग दाखवील. स्थळाला हो म्हणायचं का? प्रार्थनेत ठेवलंय.

हे वाक्य खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. माझी आजी ते म्हणायची तेव्हा त्यामागे तिचं सगळं आयुष्य उभं असायचं. पण आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘मला आत्ता ठरवायचं नाहीये’ एवढाच असतो. आणि ॲडमिशनच्या फॉर्मची शेवटची तारीख तर शुक्रवारी असते!

आम्ही सात-आठ कॉलेजची मुलं-मुली पुण्यात दर आठवड्याला एका संध्याकाळी भेटतो. कोणी माझ्यासारखं नगरकडचं, सीएनआय मंडळीतलं. कोणी वसईचं कॅथलिक. दोघं पेंटेकॉस्टल. एक गीत, थोडी प्रार्थना, मग चहा आणि वाद. गेले दोन महिने आम्ही एकाच प्रश्नावर अडलो होतो: निर्णय देवावर सोडायचा म्हणजे नेमकं करायचं काय? त्यातून हाताला लागलेलं आज सांगतो.

एका खोलीतले तिघं

सुरुवात वसईच्या मैत्रिणीने केली. ती म्हणाली, ‘तुम्हाला पीटर फेबर माहितीये का?’ कोणालाच माहीत नव्हता.

गोष्ट पॅरिसची आहे, १५२९ सालची. सेंट बार्ब नावाच्या कॉलेजात तीन विद्यार्थी एका खोलीत राहत होते. पहिला फ्रान्सिस झेवियर, तोच, ज्याचं शरीर जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकात ठेवलंय. तेव्हा तो संत वगैरे नव्हता. २३ वर्षांचा, मोठ्या घरातला, नाव कमवायचं होतं त्याला. दुसरा इग्नेशियस लोयोला, सैनिकी आयुष्य सोडून अडतिशीच्या आसपास शिकायला आलेला. आणि तिसरा पीटर फेबर, लहानपणी मेंढ्या राखणारा शेतकऱ्याचा मुलगा, अभ्यासात हुशार. तोच इग्नेशियसला तत्त्वज्ञान शिकवायला मदत करायचा.

फेबरची अडचण आपल्यासारखीच होती. पुढे आपल्या आठवणींत त्याने लिहून ठेवलंय की त्या वर्षांत त्याला कधी लग्न करावंसं वाटे, कधी डॉक्टर व्हावं, कधी वकील, कधी शिक्षक, कधी धर्मशास्त्राचा पंडित, तर कधी सरळ मठात जावं. आमच्यातला एक जण हे ऐकून म्हणाला, ‘हा तर आमचा फायनल इयरचा ग्रुप झाला!’

इग्नेशियसने त्याला ‘तू पाद्री हो’ असं सांगितलं नाही. जवळपास चार वर्षं तो त्याच्यासोबत राहिला, आधी मनातली भीती आणि अपराधीपणा शांत व्हायला वेळ दिला. मग १५३४ मध्ये फेबर महिनाभर एकांतात बसला आणि त्याने ठरवलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला मोंमार्त्र टेकडीवर या तिघांसह सात मित्रांनी व्रत घेतलं. त्यातून पुढे जेझुइट संघ उभा राहिला आणि झेवियर १५४२ मध्ये गोव्याला पोचला.

हे सगळं होण्याआधी चार वर्षं एक मुलगा गोंधळलेला होता, आणि त्याचा रूममेट थांबायला तयार होता. मला ही गोष्ट आवडली ती एवढ्यासाठी.

आनंद मागे काय ठेवून जातो?

इग्नेशियसकडे हे आलं कुठून? १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. महिनोन्‌महिने अंथरुणात. वाचायला त्याने शूर सरदारांच्या कथा मागितल्या, पण घरात मिळालं काय, तर ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. मग पडल्यापडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं बघायचा. एकात तो दरबारी, एका मोठ्या घराण्यातल्या स्त्रीला जिंकणारा. दुसऱ्यात संतांसारखं कठीण आयुष्य जगणारा.

मजा दोन्हींत यायची. पण त्याच्या लक्षात आलं की पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं पडतं, आणि दुसरं संपल्यावरही समाधान टिकतं. गोष्ट करताना काय वाटतं याच्याइतकंच ती झाल्यावर मागे काय उरतं तेही बघायचं, हे त्याला तिथे उमगलं.

हे आपल्याला रोज कळतं, आपण फक्त नाव देत नाही. रात्री दीडपर्यंत रील्स बघून झोपताना जे वाटतं ते, आणि हॉस्टेलवरच्या आजारी मुलाला दवाखान्यात नेऊन दमून झोपताना जे वाटतं ते, यांत फरक असतो ना? तोच.

कामाला येणाऱ्या चार गोष्टी

पुढे इग्नेशियसने हे सगळं ‘आध्यात्मिक साधना’ या छोट्या पुस्तकात बांधलं. ते १५४८ मध्ये छापलं गेलं. त्यातल्या चार गोष्टी मी आमच्या भाषेत सांगतो.

पहिली: तराजूचा काटा मध्यावर आणा. ठरवायच्या आधी स्वतःला विचारा, दोन्हीपैकी कुठलंही उत्तर आलं तर मी ऐकायला तयार आहे का? नसेन, तर मी देवाला विचारत नाहीये, त्याची सही मागतोय. हा भाग सगळ्यात अवघड. आमच्या एका मैत्रिणीला हा काटा मध्यावर आणायलाच तीन आठवडे लागले.

दुसरी: लिहून काढा. हे केलं तर काय मिळेल, काय जाईल. नाही केलं तर काय मिळेल, काय जाईल. चार रकाने. मोजायचं मात्र रकान्यातल्या ओळींना नाही, कारणांच्या वजनाला.

तिसरी: अनोळखी माणसाची कल्पना करा. ज्याला तुम्ही कधी भेटला नाहीत, पण ज्याचं भलं व्हावं असं वाटतं, अशा कोणीतरी हाच प्रश्न विचारला तर काय सल्ला द्याल? तोच स्वतःला द्या. आणि म्हातारपणी, शेवटच्या दिवशी मागे वळून बघताना आज काय केलेलं आवडेल, तेही विचारा.

चौथी, माझी सगळ्यात लाडकी: मन अंधारात असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नका. मला दुसऱ्या वर्षी दोन विषयांत एटीकेटी लागली तेव्हा मी बॅग भरायच्या बेतात होतो. त्या वेळी आमच्या पाळकांनी मला एवढंच सांगितलं की आज नको, झोप नीट लागायला लागली की ठरव. मी थांबलो. महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा समोर घेतला आणि शिक्षण चालू ठेवायचं ठरवलं. ते पाळक प्रोटेस्टंट, इग्नेशियस कॅथलिक. पण शहाणपण तेच.

आमच्यातल्या एकाने विचारलं, ‘हे बायबलमध्ये कुठंय? गिदोनासारखी लोकर ठेवून खूण का नाही मागायची?’ रास्त प्रश्न. पण शास्ते पुस्तकात गिदोन लोकर ठेवतो तेव्हा काय करायचं हे त्याला आधीच सांगितलेलं असतं, त्याला फक्त धीर हवा असतो. आणि पौल थेस्सलनीकाकरांना सगळ्याची पारख करायला सांगतो. पारख करायची तर डोकं वापरावं लागतं. ‘उद्या दहाच्या आत फोन आला तर देवाचं हो’, यात पारख कुठे आली?

एका मित्राचा दाखला

आता जरा जड गोष्ट. मित्राची परवानगी घेऊन सांगतोय, नाव-गाव सांगणार नाही.

त्याच्या घरी तिसऱ्या पिढीपासून सगळे चर्चला जातात. गीतं पाठ, नाताळच्या नाटकात हा दरवर्षी. पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. वडिलांचाही नाही. कारण कागदात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती माणसाला तो मिळत नाही. म्हणजे बाप्तिस्मा घेतला की दाखला जातो, आणि दाखल्यासोबत शिष्यवृत्ती. जात मात्र जात नाही. गावात घर कुठल्या आळीत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतंच.

आता अशा मुलाला ‘प्रार्थना कर, देव मार्ग दाखवील’ म्हणणं सोपं आहे. तो स्वतःही हेच म्हणायचा: देवाची वेळ आली की होईल.

तो चार रकाने लिहायला बसला. एका बाजूला बहिणीची फी, वडिलांचं वय. दुसऱ्या बाजूला एकच ओळ: रविवारी मी जो असतो, तो सोमवारी फॉर्म भरताना नसतो. त्याने ती आम्हाला वाचून दाखवली तेव्हा कोणी काही बोललं नाही.

मग तो म्हणाला, ‘मी अजून ठरवलं नाही असं मला वाटत होतं. पण दरवर्षी फॉर्म भरताना मी ठरवतच होतो, फक्त नाव देवाचं घेत होतो.’

त्याने पुढे काय केलं ते मी सांगणार नाही, ते त्याचं आहे. एवढं सांगतो की तो पहिल्यांदाच वडिलांशी या विषयावर बोलला, आणि तीस वर्षं हाच प्रश्न उराशी धरून बसलेल्या वडिलांनाही कोणाशी तरी बोलायचंच होतं. आणि जे बाहेरून ‘घे की बाप्तिस्मा, विश्वास कमी आहे का?’ असं म्हणतात, त्यांनी आधी त्याच्या बहिणीची फी विचारावी. हा कायदा एकट्या मुलाच्या विश्वासाची परीक्षा म्हणून कोणी वापरू नये.

आपल्याकडेही हे झालंय

विश्वास वारशाने मिळतो, पण आपला व्हायला वेळ लागतो. मराठी ख्रिस्ती परंपरा तर अशा वेळ घेणाऱ्या माणसांनीच उभी केलीये.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या मागोमाग घेतला नाही. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्या तरी सोवळंओवळं सांभाळून. आधी मनातली शिवाशिव गळाली, आणि १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर, बाप्तिस्मा. ‘स्मृतिचित्रे’ वाचा, हा प्रवास त्यात आहे, आणि हसवत हसवत आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या ताब्यात जायचं नाही, हे त्यांनी स्पष्ट कळवलं. प्रश्न विचारले म्हणून त्यांचा विश्वास संपला नाही. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘देवाची इच्छा’ म्हणाल तेव्हा बिनधास्त म्हणा. फक्त त्यानंतर वही उघडा, चार रकाने आखा, आणि तुमच्यासोबत थांबू शकेल अशा एका माणसाला फोन करा. उत्तर देणारा नको, थांबणारा हवा.

या आठवड्यासाठी एक प्रश्न देऊन ठेवतो: ‘अजून ठरवलं नाही’ असं म्हणत तुम्ही रोज काय ठरवताय? उत्तर आम्हाला कळवलंच पाहिजे असं नाही. स्वतःला कळलं तरी पुरे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि जेवण वेळेवर करा.