विक्रीनंतरची विक्री
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

विक्रेता म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गोड बोलणारा, समोरच्याला 'नाही' म्हणू न देणारा माणूस उभा राहतो. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे आपण म्हणतोही. पण माती एकदाच विकली जाते. दुसऱ्यांदा तेच गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी चढत नाही.

मी पंचवीसहून अधिक वर्षे यंत्रांचे सुटे भाग विकले. आता विक्रीच्या व्यवसायात येणाऱ्या तरुणांना शिकवतो. त्यांतले बरेच जण हिंजवडीत नोकरी करतात. 'सर, गिऱ्हाईक पटवायचे कसे?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी उलट विचारतो, 'गेल्या वर्षीच्या तुमच्या ग्राहकांपैकी किती जण यंदा परत आले?' बहुतेकांकडे हा आकडा नसतो. महिनाअखेरीचे टार्गेट मात्र तोंडपाठ असते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला हिंजवडीहून चांगली जागा नाही. मुळशी तालुक्यातल्या या शेतीच्या गावात गेल्या शतकाच्या अखेरीस एमआयडीसीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहू लागले. आज तेथे इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशा कंपन्यांची मोठी केंद्रे आहेत. तेथे विकतात काय? हातात धरता येईल, वजन करता येईल अशी वस्तू नाही. माणसांचे ज्ञान आणि श्रमाचे तास विकले जातात, आणि घेणारा बहुधा सातासमुद्रापार असतो. माल तयार होण्याआधीच त्याला करारावर सही करावी लागते. तो खरे तर तुमचा शब्द विकत घेतो.

म्हणून या व्यवसायात एका आकड्याला फार महत्त्व आहे. त्याला 'रिपीट बिझनेस' म्हणतात. यंदाच्या उत्पन्नापैकी किती भाग आदल्या वर्षीही ग्राहक असलेल्यांकडून आला, याचे हे प्रमाण. इन्फोसिसचे हे प्रमाण अनेक वर्षे ९५ टक्क्यांच्या वर राहिले आहे. म्हणजे शंभर रुपयांतले पंचाण्णव रुपये जुनी ओळख आणते.

असे का होते? नवा ग्राहक मिळवताना भेटीगाठी, प्रवास, प्रस्ताव, नमुन्याचे काम असा खर्च आधी करावा लागतो. मग त्याचा धंदा समजून घेण्यात महिने जातात. त्याच्या गोदामात मालाची नोंद कशी होते, हिशेब कोणत्या रात्री बंद होतात, कोणत्या आठवड्यात संगणकाला हात लावलेला चालत नाही, हे सारे शिकावे लागते. पहिल्या वर्षी हाती फारसे उरत नाही. दुसऱ्या वर्षापासून ते ज्ञान कामी येते. ग्राहकाचाही वेळ वाचतो, कारण नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावे लागत नाही. नाते टिकते ते असे दोघांच्याही फायद्यावर.

हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यात मुख्यालय असलेल्या केपीआयटीचे उदाहरण घ्या. चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या रवी पंडित आणि किशोर पाटील यांनी १९९० मध्ये ही कंपनी पुण्यात सुरू केली. इंजिने बनवणारी कमिन्स ही तिची मोठी ग्राहक. २००२ मध्ये कमिन्सचीच कमिन्स इन्फोटेक ही कंपनी तिच्यात विलीन झाली आणि पुढे दशकभर ती 'केपीआयटी कमिन्स' या नावाने ओळखली गेली. ग्राहकाने आपले नाव विक्रेत्याच्या पाटीवर लावू द्यावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? पुढे कंपनीने आपले सारे लक्ष वाहन उद्योगावर आणले, आणि त्यातही साधारण पंचवीस निवडक ग्राहकांवर. सगळ्यांच्या दारात जाण्यापेक्षा मोजक्यांच्या घरात बसता येणे तिला महत्त्वाचे वाटले.

पण नाते म्हणजे ग्राहकाची हांजी हांजी नव्हे. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील भाषणात १९९५ सालचा एक प्रसंग सांगितला होता. कंपनीला सुमारे चौथाई उत्पन्न देणारा एक बडा परदेशी ग्राहक दर फार खाली आणा, म्हणून अडून बसला. त्या दरात चांगले काम होणे शक्य नव्हते. मूर्तींनी नकार दिला. नकार देताना त्यांनी एक आश्वासनही दिले: तुम्ही ज्या कंपनीला काम द्याल तिच्याकडे ते आम्ही सुरळीत सोपवू. निरोपाच्या वेळीही त्यांनी ग्राहकाची गैरसोय होऊ दिली नाही. त्यानंतर कोणत्याही एका ग्राहकावर फार विसंबायचे नाही, असा दंडक कंपनीने घालून घेतला. छोट्या व्यावसायिकांनी हा भाग नीट ऐकावा. अर्धा गल्ला एकाच गिऱ्हाइकाकडून येत असेल, तर ते नाते राहत नाही, ती ताबेदारी होते.

आता त्याच हिंजवडीतला दुसरा बाजार पाहा, घरांचा. संगणक अभियंता वीस वर्षांचे कर्ज काढून सदनिका घेतो. बुकिंग होईपर्यंत त्याला दिवसातून चार फोन येतात. धनादेश वटला की त्याचा फोन उचलायला कोणी नसते. विकणाऱ्याचे गणित सरळ असते: घर माणूस आयुष्यात एकदा घेतो, मग नाते कशाला जपायचे? १ मे २०१७ पासून 'रेरा' कायदा पूर्णपणे लागू झाला आणि हे गणित काहीसे बदलले. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळला, तर तो बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा आहे. तरीही कायदा किमान तेवढेच करवून घेतो. शहाणा विक्रेता जाणतो, की या ग्राहकाच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे चार जण घर शोधत आहेत, आणि कंपनीच्या बसमध्ये बातमी जाहिरातीपेक्षा लवकर पसरते.

मग रोजच्या कामात करायचे काय? मी तरुणांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, वाईट बातमी ग्राहकाला आपणच आणि वेळेत सांगावी. नोकरदार मुलांना डबे देणाऱ्या एक मावशी माझ्या ओळखीच्या आहेत. गावाला जायचे असले की त्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला कळवतात, 'उद्या डबा नाही रे बाळा, सोय कर.' एक दिवसाचे पैसे जातात, पण मुले दुसरीकडे जात नाहीत. माल उशिरा पोहोचणार असेल, तर ग्राहकाने विचारण्याआधी सांगा.

दुसरी, विक्रीनंतर एक फोन असा करावा, की ज्यात काहीच विकायचे नाही. 'वस्तू नीट चालते ना?' एवढेच विचारायचे आणि तक्रार निघाली तर लिहून घ्यायची. वाढदिवसाच्या छापील शुभेच्छांनी हे काम होत नाही. ज्यांनी नको म्हणून १९०९ वर नोंद केली आहे, त्यांना जाहिरातीचे फोन तर मुळीच करू नयेत.

तिसरी, ग्राहकाची माहिती विक्रेत्याच्या डोक्यात न राहता फर्मच्या वहीत किंवा संगणकात राहावी. काय दिले, काय कबूल केले, काय बिघडले. नोकरी बदलणे सर्रास झाले आहे. माणूस गेला तरी दिलेला शब्द मागे राहिला पाहिजे.

चौथी, आपला माल त्याच्या कामाचा नसेल तर तसे सांगावे. त्या दिवशीची विक्री जाते. पण पुढच्या वेळी तुम्ही 'घ्या' म्हणाल तेव्हा तो शंका घेत नाही.

हे सारे विक्रेत्याच्या एकट्याच्या हातात नाही, याची मला जाणीव आहे. महिन्याच्या तीस तारखेला साहेब फक्त आकडा विचारत असेल, तर मुलगा खोटे आश्वासन देऊनही तो पुरा करणारच. म्हणून मालकांना आणि व्यवस्थापकांना माझे सांगणे आहे, की तुमच्या मासिक बैठकीत नव्या ग्राहकांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखा: परत आलेले ग्राहक. बक्षिसाची थोडी रक्कम त्या रकान्यावरही ठेवा. वर्षभरात तुमच्या माणसांची ग्राहकाशी बोलण्याची भाषा बदललेली दिसेल.