विखुरलेला स्तूप

आंध्र प्रदेशांत कृष्णेच्या दक्षिण तीरावर अमरावती नांवाचें एक गांव आहे. वऱ्हाडांतील अमरावतीहून तें निराळें. तेथें प्राचीन काळीं शुभ्र चुनखडीच्या कोरीव शिळांनीं मढविलेला एक भव्य बौद्ध स्तूप होता. नाशिकच्या लेण्यांतील लेखांत ज्याचें नांव आढळतें, त्या वासिष्ठीपुत्र पुळुमावि या सातवाहन राजाच्या काळचा लेख येथेंही सांपडला आहे. आज मूळ जागीं स्तूपाचा खालचा भागच काय तो दिसतो. शिल्पें मात्र चेन्नईच्या सरकारी वस्तुसंग्रहालयांत, लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें व अन्यत्र विखुरलीं आहेत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कॉलिन मॅकेन्झी हा अधिकारी तेथें प्रथम गेला. १८१६ सालीं तो परत आला, तेव्हां स्तूपाचें टेकाड मधोमध खणलेलें होतें. कांहीं शिळा लोकांनीं बांधकामास नेल्या होत्या. कित्येकांचा भाजून चुना करण्यांत आला. भट्टीला शिल्प आणि धोंडा सारखाच! मॅकेन्झीनें उरलेल्या शिळांचीं चित्रें व जागेचे नकाशे काढविले. पुढें १८४५ सालीं वॉल्टर एलियट यानें उत्खनन करून पुष्कळ शिळा मद्रासला नेल्या. त्या १८५९ सालीं लंडनला गेल्या व १८८० सालीं ब्रिटिश म्यूझियममध्यें आल्या.

अशा रीतीनें शिळा वांचल्या, पण त्यांचें स्थान सुटलें. प्रदक्षिणा घालणाऱ्या उपासकानें क्रमानें पाहावीं म्हणून घडविलेलीं हीं शिल्पें. दालनांत तीं सुट्या पानांसारखीं होतात. तो क्रम शोधतांना अभ्यासकांना मॅकेन्झीच्या चित्रांचा मोठा आधार मिळतो. दुसरा आधार खुद्द शिळांचाच. कित्येकींवर संपूर्ण स्तूपच कोरलेला आहे: घुमट, भोंवतालचा कठडा, प्रवेशद्वारासमोरचे पांच स्तंभ. लंडनमधील एका शिळेच्या एका बाजूस बोधिवृक्षाची पूजा आहे, तर दुसऱ्या बाजूस कांहीं शतकांनंतर कोरलेला स्तूप. जुनी शिळा उलटवून पुन्हां वापरली गेली. म्हणजे स्तूपाची पुनर्रचना झाली, हें त्या एकाच दगडावरून कळतें.

म्हणून वस्तुसंग्रहालयांत भग्न शिल्पापुढें उभें राहतांना त्याच्या सौंदर्याबरोबरच तें कोठें होतें, कोणत्या बाजूस होतें, शेजारीं काय होतें, हेंही विचारावें. हीं उत्तरें नोंदवून ठेवलीं नाहींत, तर दगड सुरक्षित राहूनही इमारत मात्र कायमची नाहींशी होते.