ताऱ्याच्या पोटात मलमल की कॅनव्हास?

भिवंडीतल्या कापडाच्या गोडाऊनसमोरून तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. आत रचलेली ताग्यांची थप्पी आठवा. तागे मलमलीचे असतील, तर खालचे वरच्यांच्या भाराने दबतात आणि थप्पी बसते. तेच जाड कॅनव्हासचे असतील, तर ती ताठ उभी राहते. न्यूट्रॉन ताऱ्याचं गणितही असंच आहे!

मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाला की मागे त्याचा दबलेला गाभा उरतो, तो हा न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त आणि व्यास जेमतेम पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे भिवंडी, कल्याण, ठाणे झाकले जातील, एवढाच! इतक्या दाबाखाली आत न्यूट्रॉन टिकतात, की फुटून त्यांचे क्वार्क सुटे होतात? गाभा मऊ पडला, तर तारा आकाराने लहान होतो आणि जास्त भारही पेलत नाही. मर्यादा ओलांडली की थेट कृष्णविवर.

आत डोकावता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञ वस्तुमान आणि त्रिज्या मोजतात. २०१० मध्ये जवळपास दोन सूर्यांएवढा न्यूट्रॉन तारा मोजला गेला आणि ‘मऊ गाभ्या’चे बरेच सिद्धान्त बाद झाले. २०२१ मध्ये अंतराळ स्थानकावरच्या ‘नायसर’ दुर्बिणीने २.०८ सूर्यांच्या ताऱ्याची त्रिज्या मोजली. ती निघाली साधारण १२ ते १४ किलोमीटर. १.४ सूर्यांच्या ताऱ्याचीही जवळपास तेवढीच आहे. वस्तुमान दीडपट, तरी थप्पी बसली नाही!

या शोधात आपला महाराष्ट्रही आहे बरं का. मुरबाडवरून माळशेज घाट चढून आळेफाट्यापुढे गेलात, की नारायणगावजवळ खोडदला ‘जीएमआरटी’ लागते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही रेडिओ दुर्बीण. तिने २००४ मध्ये ‘एनजीसी १८५१’ या तारकागुच्छातला पहिला पल्सर, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ संकेत पाठवणारा न्यूट्रॉन तारा, शोधला. जानेवारी २०२४ मध्ये त्याच गुच्छातल्या दुसऱ्या एका पल्सरचा जोडीदार जाहीर झाला. तो दक्षिण आफ्रिकेतल्या ‘मीरकॅट’ दुर्बिणीने टिपला. वस्तुमान २.०९ ते २.७१ सूर्य. अतिशय जड न्यूट्रॉन तारा की अतिशय हलकं कृष्णविवर? उत्तर अजून कुणाकडेच नाही. गाभा किती भार पेलतो हे कळलं, तरच ते मिळेल.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला मोठं प्रदर्शन भरतं. ग्रुप जमवा आणि जा. मलमल की कॅनव्हास, हे शोधणारा पुढचा माणूस तुमच्या वर्गातलाही असू शकतो.