पंखांची कसोटी

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलाचे अनेक अधिकारी घडतात. नव्या विमानांची कसोटी घेणारे मात्र मोजकेच. हवाई दलाची चाचणी संस्था १९७२ मध्ये कानपूरला सुरू झाली आणि लवकरच बंगळूरला गेली.

चाचणी वैमानिक वेग थोडाथोडाच वाढवतो. कारण एका मर्यादेपलीकडे पंख हवेतूनच ऊर्जा घेत थरथरू लागतात. कंप आवरला नाही तर पंख काही क्षणांत तुटू शकतात. म्हणून जमिनीवरचे अभियंते प्रत्येक टप्प्याचे आकडे तपासतात, मगच पुढचा वेग. या अभियंत्यांची नावं लोकांपर्यंत पोहोचायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

अशाच टप्प्याटप्प्याच्या कसोटीत नाशिकमध्ये २५ जून २०१६ रोजी सुखोई लढाऊ विमान पोटाखाली अडीच टनांचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र घेऊन उडालं. तेव्हा फक्त वाहून नेलं. प्रत्यक्ष डागलं ते २२ नोव्हेंबर २०१७ रोजी.