मॅमोग्राफी नॉर्मल, पण गाठ हाताला लागते

स्तनात गाठ लागते, मॅमोग्राफीचा रिपोर्ट मात्र नॉर्मल. अशा वेळी फाइल कपाटात ठेवून देऊ नये. मॅमोग्राफीत काही कर्करोग दिसत नाहीत. तरुण वयात स्तनांत ग्रंथींच्या ऊती दाट असतात. त्या क्ष-किरणांत पांढऱ्या दिसतात, आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती त्यांत लपते. लोब्युलर प्रकारच्या कर्करोगाच्या पेशी रांगेने पसरतात. त्याचा ठळक गोळा होतोच असे नाही.

म्हणून गाठीची पारख तिहेरी असते: डॉक्टरांनी हाताने तपासणे, मॅमोग्राफी व सोनोग्राफी, आणि गरज पडल्यास सुईने तुकडा काढून बायोप्सी. गाठ कुठे लागते ते सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना बोट ठेवून दाखवावे. तिशीच्या आतल्या स्त्रियांत बहुधा सोनोग्राफीच आधी करतात. बायोप्सी जागा बधिर करून होते, आणि सुई लावल्याने कर्करोग पसरतो ही भीती निराधार आहे.

बहुतेक गाठी साध्याच निघतात. कुठे पाण्याची गाठ, कुठे फायब्रोअ‍ॅडिनोमा. पाळीआधी जाणवणारी गाठ पाळीनंतर विरूही शकते. पण गाठ टिकून राहिली, वाढली, त्वचेला खळी पडली, स्तनाग्र नव्याने आत ओढले गेले, त्यातून रक्त आले किंवा काखेत गाठ आली, तर लगेच सर्जनना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

डॉक्टरांना थेट विचारावे: ही गाठ नेमकी कसली, आणि पुन्हा कधी दाखवायची?